पथ्यातली खिचडी

औषधाचा तेहतिसावा दिवस शुक्रवारी आला. दोन ऑगस्ट १९९६. सकाळी सहाला अरुणाने मातीच्या भांड्यात कागदी पुडा रिकामा केला. त्यात साली होत्या, वाळकी फुलं होती, कसल्याशा मुळांच्या चकत्या होत्या. बाकीच्या जिनसांची नावं विचारायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. वर तीन वाट्या पाणी ओतून तिने गॅस बारीक केला. तीन वाट्यांची एक वाटी व्हायला सव्वा तास लागतो. तेवढा वेळ स्वयंपाकघर सोडायची सोय नाही, कारण एकदा सोडलं होतं आणि काढा तळाला लागला होता. संध्याकाळी तोच चोथा पुन्हा उकळायचा, दोन वाट्यांची पाऊण वाटी करायची. परदेशातल्या चोआ चू कांग वस्तीतल्या, अकराव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये पडद्यांना, उशांना आणि जाईच्या शाळेच्या युनिफॉर्मलाही आता तोच वास येत होता.

"आई, माझ्या बाजूची मुलगी म्हणते, यू स्मेल लाइक माय ग्रँडफादर," जाई बूट घालता घालता म्हणाली.

"तिला सांग, बाबांचे हात बरे होईपर्यंत नाक धरून बस."

"तोवर ओ-लेव्हल संपेल ला." इथल्या लोकांसारखं वाक्याच्या शेवटी 'ला' जोडायची सवय तिला लागली होती.

हॉलमध्ये पद्माकर टेबलावर दोन्ही तळहात उताणे ठेवून बसला होता. शेजारी सहा इंची स्टीलची पट्टी आणि इंजिन रूमची एक जुनी लॉगबुक. बोटीवर बावीस वर्षं काढलेला सेकंड इंजिनिअर तो. डिझेल आणि वंगणाच्या तेलात बावीस वर्षं बुडालेल्या हातांनी गेल्या फेब्रुवारीत दगा दिला. इसब झाला, बोटांची सालं निघाली, पेरांवर भेगा पडल्या. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी पडलेली भेग तर अशी, की शर्टाचं बटण लावतानाही रक्त येई. कंपनीच्या डॉक्टरांचं मलम लावलं की आठ दिवस बरं वाटायचं आणि नवव्या दिवशी पुन्हा पहिले पाढे.

रोज सकाळी तो भेगा मोजायचा. लॉगबुकमध्ये जिथे बेअरिंगचं तापमान लिहायचे रकाने होते, तिथे आता मिलिमीटर पडत होते. डावा अंगठा चौदा. उजवी तर्जनी नऊ. त्याखाली दिवसभरात पोटात गेलेलं सगळं, बोटीवरच्या पद्धतीने, वेळेसकट आणि इंग्रजीत. पेन दोन बोटांच्या टोकांत धरावं लागे, तरी अक्षर छापल्यासारखं यायचं.

"किती?" अरुणाने आतूनच विचारलं.

"चौदा."

काल चौदा होते. पहिल्या दिवशीही चौदाच होते.

पंधरा ऑगस्टला कंपनीचे डॉक्टर हात बघणार होते. जूनमध्ये त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की तोवर फरक दिसला नाही तर कायमचा अनफिट असा शेरा पडेल. कायमचा अनफिट म्हणजे करार संपला. कुटुंबाचा इथे राहायचा पास त्या कराराला बांधलेला, तो संपला की एका महिन्यात देश सोडायचा. जाईची ओ-लेव्हलची परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होऊन नोव्हेंबरात संपणार होती. चार वर्षांचा अभ्यास करून परीक्षेच्या तोंडावर पुण्याला जायचं आणि तिथे कुठल्या वर्गात बसायचं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. जाईने फक्त एकदाच विचारलं होतं, "मग मी कुठे बसू, बाबा? पुन्हा टेन्थला?"

चिनी औषधाची वाट दाखवली ती शेजारच्या मिसेस टे यांनी. साठीच्या, ठेंगण्या आणि दारातूनच बोलायला सुरुवात करणाऱ्या बाई. एक जुलैला त्या दोघांना बसने बुकित पंजांगला घेऊन गेल्या. तिथे एका ब्लॉकच्या तळमजल्यावर म्हाताऱ्या को यांचं औषधांचं दुकान होतं. चिनी वैद्याला इथे सिनसे म्हणतात. सिनसे कोंनी दोन्ही मनगटांवर बोटं ठेवली, जीभ बघितली, मग हात. तेवढं झाल्यावर अर्धा तास ते फक्त काय खायचं नाही तेच सांगत होते. मिसेस टे ते आपल्या इंग्रजीत सांगत होत्या आणि पद्माकर क्रमांक घालून लिहून घेत होता.

कोळंबी, खेकडे, सुकी मासळी बंद. बदक बंद, बकरा बंद. वांगं, आंबा, ड्युरियन, मिरची बंद. बिअर आणि रमचं नाव नको. बर्फाचं पाणी नको. काढ्याच्या आगेमागे दोन तास चहा नाही. पांढरा मुळा नाही. शेवटचा होता मूग. तिथे सिनसे उठले, कोपऱ्यातल्या बरणीत हात घालून त्यांनी मूठभर हिरवे मूग काढले आणि अरुणाच्या तळव्यावर ठेवले.

"हे अंगातलं औषध धुऊन काढतात," मिसेस टे म्हणाल्या. "एरवी चांगले. औषध चालू असताना नाही. कळलं?"

कळलं होतं. घरी आल्या आल्या अरुणाने स्वयंपाकघर उपसलं. सोडे, सुके बोंबील, लोणच्याची बरणी, सगळं गेलं. मालवणच्या माणसाच्या घरातून मासळी बाहेर जाताना पद्माकर बाल्कनीत तोंड फिरवून उभा होता. मोड आणायला ठेवलेल्या मुगाची दोन किलोची पिशवी तिने मिसेस टे यांना देऊन टाकली.

मग रात्रीला करायचं काय, यावर दोघांचं थोडं वाजलं.

"पेज कर," पद्माकर म्हणाला. "आजारी माणसाला आमच्याकडे पेजच देतात. उकडा तांदूळ, मीठ, झालं."

"पेजेने काय ताकद येणार? पाणी नुसतं. हात भरून यायला अंगात काही गेलं पाहिजे ना? मऊ खिचडी करते. आमच्याकडे तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत ज्याला बरं नाही त्याला मुगाच्या डाळीची खिचडी. मिरची नाही, फोडणी नाही, वरून चमचाभर तूप."

"बरं," पद्माकर म्हणाला. जेवणावरून दुसऱ्यांदा बोलायची त्याला सवय नव्हती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला खिचडी होत होती.

अठ्ठाविसाव्या दिवशी ती तिघं पुन्हा सिनसेंकडे गेली. त्यांनी हात उलटसुलट करून बघितले, कपाळाला आठ्या घातल्या आणि मिसेस टे यांना दोनदा तेच विचारलं.

"विचारतायत, चोरून काय खातोस?"

पद्माकरने लॉगबुक पुढे सरकवली. मग तोच चष्मा लावून एकेक दिवस वाचायला लागला. सव्वासात वाजता काढा. नऊ वाजता दोन टोस्ट. एक वाजता पोळी, दुधी. सात वाजता भात आणि डाळ.

"राइस अँड डाल," मिसेस टे पुढे सांगायच्या. डाल त्यांना ठाऊक होती, हॉकर सेंटरमध्ये पराठ्याबरोबर वाटीत मिळते ती. इंडियन लोक खातात, तिखट नसली की झालं. सिनसेंनी मान हलवली. औषधाची मात्रा वाढवली, पुडा आणखी जाड झाला आणि काढा आणखी कडू.

त्याच आठवड्यात कंपनीच्या ऑफिसमधून शैलेंद्रचा फोन आला. बोटींवर माणसं पाठवायचं काम त्याच्याकडे होतं. मुलगा मुंबईचा, बोलायला मोकळा. "पद्माकरकाका, एक सांगू? डॉक्टरांसमोर त्या चिनी औषधाचं नावही काढू नका. मागे एकाने काढलं होतं. पुढचं काही ऐकलंच नाही त्यांनी."

इथवर सगळं निदान नियमाने चाललं होतं. म्हणून त्या शुक्रवारी दुपारी चारला मिसेस टे वाडगा परत द्यायला आल्या तेव्हा अरुणाच्या डोक्यात कसली शंका नव्हती, नुसती झोप होती. ओट्यावर पातेल्यात खिचडीची डाळ भिजत होती.

"वा, ताऊ स्वान करतेस?" मिसेस टे पातेल्यात वाकून म्हणाल्या. "मला सांगायचं ना. माझ्याकडे पानदानच्या झाडाची हिरवी पानं आहेत, वास छान येतो."

"ते काय असतं?"

"गोड. खिरीसारखं. ही बी वाफवायची, साखर घालायची, वरून तळलेली कणिक. मुलांना फार आवडतं."

"नाही हो. ही त्यांच्या खिचडीची. रोज संध्याकाळी करते."

"रोज?"

"पहिल्या दिवसापासून."

मिसेस टे यांनी वाडगा हळूच ओट्यावर ठेवला. दोन बोटांत एक दाणा उचलून त्यांनी तो उजेडात धरला. मग अरुणाकडे बघितलं. "अय्यो, अरुणा. हे मूग आहेत ला."

"मूग हिरवे. ही पिवळी आहे."

"तेच ते. फक्त कपडे काढलेत."

मुगाची डाळ मुगाचीच असते हे सांगायला अरुणाला मिसेस टे यांची गरज नव्हती. लहान मुलालाही ते माहीत असतं. पण घरात मुगाचा डबा वेगळा आणि डाळीचा वेगळा. मूग म्हणजे उसळ, भिजवायचे, मोड आणायचे, पोटाला जड. डाळ म्हणजे तापातून उठलेल्या माणसाला द्यायचं जेवण. सिनसेंनी तळव्यावर हिरवे दाणे ठेवले तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर एक डबा आला आणि तो तिने रिकामा केला. दुसऱ्या डब्याकडे तिचा हात गेला तो पथ्य पाळायलाच.

"मी पण गाढव," मिसेस टे म्हणाल्या. "डाल, डाल सांगत बसले. कुठली डाल, विचारलं नाही." मग आवाज खाली आणून, "नवऱ्याला सांगशील?"

अरुणा स्टुलावर बसली. तेहतीस दिवस. सकाळी सव्वा तास, संध्याकाळी पाऊण. एका हाताने औषध करत होती आणि दुसऱ्या हाताने तेच धुऊन काढत होती. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. पोटऱ्या दुखत होत्या, तेवढंच जाणवत होतं.

"आता राहिले किती दिवस?"

"तेरा."

"मग आजपासून बंद. तेरा दिवस तर तेरा दिवस," मिसेस टे म्हणाल्या आणि पातेल्यातली डाळ निथळून त्याच वाडग्यात घेऊन गेल्या. टाकवणार कशी?

त्या संध्याकाळी सातला पद्माकरच्या पुढ्यात पेज आली.

"आज पेज?"

"डाळ संपली," अरुणा म्हणाली. "म्हटलं, तुम्हाला आवडते."

त्याने तिच्याकडे एकदा बघितलं, पेज प्याला, वही ओढून वेळ लिहिली. एकोणीस शून्य शून्य, पेज.

डाळीचा भरलेला डबा तिने जाईच्या खोलीत कपाटावर ठेवला. जाई गणितं सोडवत होती.

"आई, तू बाबांपासून डाळ लपवतेयस?"

अरुणाने दार लोटून घेतलं आणि तिला सगळं सांगितलं.

"सो टेल हिम. त्यात काय?"

"सांगेन नंतर. आधी हात बरे होऊ देत."

"आणि नाही झाले तर?"

"तर मग सांगून तरी काय होणार आहे?"

जाईने पेन्सिलीचं टोक चावलं. त्यानंतर सकाळी शाळेत जाताना तीही विचारायला लागली, "बाबा, किती?"

अडतिसाव्या दिवशी अकरा झाले. समोरच्या ब्लॉकच्या बाल्कन्यांतून नॅशनल डेचे लाल-पांढरे झेंडे लटकत होते. त्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे चाळिसाव्याला, पद्माकरने रक्त न येता शर्टाची सगळी बटणं स्वतः लावली आणि बाहेर येऊन उगाच उभा राहिला. बेचाळिसाव्याला आठ. अरुणा रोज पेज करत होती, कधी नाचणीची, कधी कण्यांची, आणि डाळ आणायला कधी जायचं हा प्रश्न तो विचारत नव्हता. ते न विचारणंच तिला जड जात होतं.

चौदा तारखेला, बुधवारी, जेवणाआधी त्याने हाक मारली.

"अरुणा, इकडे ये. बस."

"काढा ठेवलाय."

"जाई बघेल. जाई, भांड्यापाशी उभी राहा. तू बस."

त्याने लॉगबुकची पानं शेजारी शेजारी उघडून ठेवली आणि पट्टी रकान्याला लावली. "हे एक ते तेहतीस. डावा अंगठा. चौदा, चौदा, तेरा, चौदा. काही हलत नाही. आता हे चौतीसपासून. तेरा. बारा. अकरा. आठ. आज पाच."

"चांगलंच आहे की."

"चांगलं आहे. पण का?"

"सिनसेंनी मात्रा वाढवली ना."

"ती अठ्ठाविसाव्या दिवशी. अठ्ठावीस ते तेहतीस चौदाच आहेत." पट्टी खाली सरकली. "तेहतिसाव्या संध्याकाळी या घरात एकच गोष्ट बदलली. डाळ संपली, म्हणालीस. परवा मी जाईच्या खोलीत खिडकी लावायला गेलो. कपाटावर डबा होता. हलवून बघितला. भरलेला होता."

आत भांड्यावरचं झाकण खडखडलं. अरुणाने हात मांडीवर घेतले आणि सांगितलं. मिसेस टे यांनी परत आणलेला वाडगा, उजेडात धरलेला दाणा, सगळं.

"बोटीवर," शेवटी तो म्हणाला, "एखाद्याने चुकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि येऊन सांगितलं, तर ते तिथे संपतं. लपवलं, तर त्याने लिहिलेल्या एकाही आकड्यावर मी पुन्हा विश्वास ठेवत नाही. बारा दिवस झाले, अरुणा."

"मी तुमची थर्ड इंजिनिअर नाही." तिचा आवाज चढला नव्हता, चढवायला अंगात काही नव्हतंच. "ओरडाल म्हणून लपवलं असं वाटतंय तुम्हाला? ओरडता कुठे तुम्ही? तुम्ही लिहिता. छापल्यासारख्या अक्षरात. माझी चूक तारीखवार त्या वहीत लागलेली मला बघायची नव्हती. आणि खरं सांगू? मी दमले होते हो. सांगितलं असतं तर त्यावर बोलत बसावं लागलं असतं. तेवढंही त्राण नव्हतं."

पद्माकरने पट्टी बाजूला ठेवली. मागची पानं उलटली.

"डाळ," तो म्हणाला. "बत्तीस वेळा नुसतं डाळ लिहिलंय मी. कुठली ते एकदाही नाही. नुसतं 'इंधन' लिहून मोकळा होणारा ज्युनिअर असता तर मी वही अंगावर फेकली असती त्याच्या. आणि खात तर मीच होतो."

"पेज कर म्हणाला होतात."

"होय. एकदाच म्हणालो."

आतून जाई ओरडली, "आई! हाऊ मच इज पाऊण?"

"अर्ध्याच्या वर, भरायच्या आत!" अरुणा म्हणाली, आणि पद्माकरच्या मिश्या किंचित हलल्या.

मग त्याने वही फिरवून तिच्यापुढे केली. "उद्या ही डॉक्टरांपुढे ठेवणार आहे."

"वेड लागलंय का? शैलेंद्र काय म्हणाला, विसरलात?"

"नाही विसरलो. पण हे हात बघ." त्याने तळवे उघडले. अंगठ्याची भेग पाच मिलिमीटर, उजव्या तर्जनीवर दोन बारीक चिरा, अजून उघड्या. "उद्या नुसते हेच दाखवले तर कुठलाही डॉक्टर अनफिटच लिहील, मीही लिहीन. हात सुधारतायत हे फक्त या वहीत दिसतं. आणि का सुधारतायत ते वहीत नसेल, तर ही आकड्यांची रांग म्हणजे नुसतं नशीब. तेहतिसावी नोंद अर्धी आहे. ती तू पुरी कर."

"मी काय लिहू?"

"चूक कुणाची ते नको. काय बदललं तेवढं लिही."

तिने पेन घेतलं. सगळी वही इंग्रजीत होती, पण तिच्या हातून मराठीच उतरलं. 'आजपासून मुगाची डाळ बंद. त्याआधी रोज देत होते.' दुसरं वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. खाली तिने सही केली, कारण प्रत्येक पानाखाली त्याची सही होती.

दुसऱ्या दिवशी दोघं एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने गेली. डॉक्टर चिनी होते, तरुण होते, घाईत होते. त्यांनी दिवा ओढून हात बघितले, तर्जनीवरच्या चिरा बघितल्या आणि फॉर्म पुढे घेतला. पेनचं टोपण निघालं. तेवढ्यात पद्माकरने लॉगबुक फॉर्मवरच ठेवली.

"हे काय?"

"माझा लॉग. पंचेचाळीस दिवसांचा. चिनी औषध घेतोय. नावं मला माहीत नाहीत. पुडा आणलाय, बघायचा असेल तर."

डॉक्टरांचा चेहरा घट्ट झाला. पुडा त्यांनी उघडला, हुंगला आणि बंद केला. अरुणाला वाटलं, झालं, शैलेंद्र बरोबर होता. पण ते पानं उलटत राहिले. आधी भराभर, मग हळू. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"ही कुठली भाषा?"

"मराठी," पद्माकर म्हणाला. "ती माझ्या बायकोची नोंद आहे. तीच सांगेल."

अरुणा पुढे सरकली. तिचं इंग्रजी दुकानांपुरतं होतं. "त्या दिवसापासून मी मुगाची डाळ बंद केली."

"त्याआधी कोण देत होतं?"

"मीच. रोज. मूग नको सांगितलं होतं. मी हिरवे बंद केले, पिवळी ठेवली."

डॉक्टरांनी मान वर केली. "सोललेली," ते म्हणाले. "माझ्या आजीने तुम्हाला घराबाहेर काढलं असतं."

त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून बघायला सुरुवात केली. बाहेर कुणाचं तरी नाव दोनदा पुकारलं गेलं. "काढ्याने झालं, डाळ थांबवल्याने झालं, की सहा महिने तेलापासून लांब राहिल्याने, हे मी सांगू शकत नाही," ते शेवटी म्हणाले. "यावर विश्वासही नाही माझा. पण वही खोटी नाही. माणूस खोटी वही करतो तेव्हा पहिल्या दिवसापासून सुधारणा दाखवतो. तुम्ही तेहतीस दिवस चौदा लिहिलंय." त्यांनी फॉर्म ओढला. "आज बोटीवर पाठवू शकत नाही. तात्पुरता अनफिट. सहा आठवड्यांनी, सव्वीस सप्टेंबरला या. आणि जाताना रक्त देऊन जा, हे सगळं यकृताने कसं घेतलंय ते मला बघायचंय."

कायमचा हा शब्द फॉर्मवर पडला नव्हता. करार राहिला, पास राहिला. सव्वीस तारखेला काय होईल ते कुणी सांगावं?

गाडीत बसायला जागा मिळाली. अरुणा मनातल्या मनात दिवस मोजत होती. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, दिवसाला दोनदा, चौऱ्याऐंशी वेळा ते भांडं. बिशान स्टेशनच्या पुढे तिचे डोळे मिटले.

"संध्याकाळचा वॉच माझा," पद्माकर म्हणाला.

"हं?"

"काढ्याचा पहारा. हातांना वाफ नको, पाणी नको, ठीक आहे. पण उभं राहून भांड्याकडे बघायला आणि गॅस बंद करायला एक बोट पुरतं."

"तळाला लागू द्याल."

"बावीस वर्षं बॉयलर लागू दिला नाही मी."

ती हसली नाही, पण डोळेही उघडले नाहीत.

जाई साडेतीनला घरी आली. तिने फॉर्म वाचला, पुन्हा वाचला. "सव्वीस सप्टेंबर? प्रिलिम्स ओव्हर ऑलरेडी." मग दप्तर खाली टाकून, "ओके ला. मी अभ्यास करते. तुम्ही पेज प्या, बाबा."

सहाला पद्माकरने स्टूल ओढून गॅसपाशी मांडलं आणि घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं. अरुणा तिथेच रेंगाळत होती, तेवढ्यात मिसेस टे दारातून बोलतच आत आल्या. तो जाईच्या कपाटावरचा डबा त्यांनी परवाच मागून नेला होता.

"चल. मुलीला पण घे. ताऊ स्वान केलंय, तुझ्याच डाळीचं. त्याला नाही हां," पद्माकरकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "तू नुसता वास घे."

"तेवढं पथ्यात बसतं ना?" पद्माकरने विचारलं.

मिसेस टे यांच्या स्वयंपाकघरात टेबलावर तीन वाडगे होते. पिवळे दाणे घट्ट गोड रसात अख्खेच राहिले होते, पानदानचा वास येत होता. अरुणा खुर्चीवर बसली आणि तिने पाय समोरच्या दुसऱ्या खुर्चीवर ठेवले. पहिला चमचा तिने बराच वेळ तोंडात धरला.

"कसं आहे?" मिसेस टे यांनी विचारलं.

"खिचडीत मीठ नाही," अरुणा म्हणाली आणि दुसरा चमचा घेतला.